जुन्या बालपुस्तकांचा पुनर्मुद्रण संच: काही महिने वापरल्यावर

संचात कोणती पुस्तकं आहेत ते विक्रीच्या पानावर दिलेलंच आहे, ती यादी पुन्हा देत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातली महत्त्वाची बालपुस्तकं एका ठिकाणी, तीही परवडणाऱ्या किमतीत मिळतात म्हणून बरेच जण हा संच घेतील. निवड उत्तम आहे, पण छपाईने तिच्यावर पाणी फिरवलं आहे. सगळ्यात मोठा दोष म्हणजे प्रत्येक पुस्तक सहा बाय नऊ इंचांच्या एकाच मापात कोंबलं आहे.

आकाराचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. या पुस्तकांच्या बाबतीत आकार हाच अर्धा मजकूर आहे. थॉमस बोरमनने १७४० ते १७४३ या काळात लंडनमध्ये 'जायगँटिक हिस्टरीज' नावाची छोटी पुस्तकं काढली. नाव 'राक्षसी' आणि पुस्तकाची उंची जेमतेम सहा सेंटिमीटर. गिल्डहॉल या लंडनच्या जुन्या नगरसभागृहातल्या दोन राक्षसांच्या पुतळ्यांजवळ त्याचं दुकान होतं आणि मालिकेची सुरुवातही त्याच राक्षसांपासून होते. मुलाच्या मुठीत मावणारा राक्षस ही सगळी गंमत. नऊ इंची पानावर ती उरतच नाही, उरतात फक्त फुगवलेली, कडा फाटलेली अक्षरं. त्यात पुस्तकाच्या सुरुवातीची वर्गणीदारांची यादी गाळली आहे. बोरमनने त्या यादीत मुलांची नावं छापली होती. मूल हे ग्राहक आहे आणि पुस्तक त्याच्या मालकीचं आहे, हा विचार ज्या पानांवर उघड दिसतो नेमकी तीच पानं संपादकांना अनावश्यक वाटली.

मेरी कूपरने १७४४ मध्ये काढलेल्या 'टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक'ची गत याहून वाईट आहे. मूळ पुस्तक साधारण साडेसात बाय साडेचार सेंटिमीटर, आणि उघडलेली पानजोडी आळीपाळीने लाल आणि काळ्या शाईत. इथे स्कॅन निव्वळ काळं-पांढरं केल्यामुळे लाल पानं फिकट आणि तुटक आली आहेत. कोरी पानं कागद वाचवायला काढून टाकल्याने डावं पान उजवीकडे गेलं आहे आणि समोरासमोरच्या जोड्या फुटल्या आहेत. गाणी वाचता येतात, पण जोडीगणिक रंग बदलताना मुलाला जी मजा वाटावी म्हणून हा खटाटोप केला होता, ती गेली.

'ऑर्बिस पिक्टस'च्या खंडाबद्दल माझं मत वापरता वापरता खाली आलं. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं हे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघालं. दीडशे प्रकरणं, प्रत्येकात एक चित्र, चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे आणि खाली लॅटिन-जर्मन मजकुरात तेच आकडे. मुलाने आधी वस्तू पाहायची, आकडा शोधायचा, मग शब्दावर जायचं, अशी ती रचना आहे. चाळताना खंड बरा वाटतो. प्रत्यक्ष एखादं प्रकरण घेऊन बसलं की कळतं, चित्रातले निम्मे आकडे शाईच्या डागात बुडाले आहेत. आकडा वाचता आला नाही की चित्र आणि शब्द यांचा सांधा तुटतो आणि पद्धतच बंद पडते. आत्म्याचं प्रकरण उघडून बघा. न दिसणारी गोष्ट मुलाला दाखवायची कशी, यावर उपाय म्हणून तिथे नुसत्या ठिपक्यांची मानवाकृती काढली आहे. स्कॅनवरची धूळ घालवणाऱ्या फिल्टरने इथे ते ठिपकेही धूळ समजून पुसले. आकृतीचा एक खांदा आणि पाय गायब आहेत.

तक्रार केली तर 'मूळ प्रतीच जुन्या आहेत' असं छापील उत्तर येतं. ते पटण्यासारखं नाही. दोष मूळ प्रतीचा नाही, जुन्या मायक्रोफिल्मवरून (पानांचे बारीक फोटो साठवलेल्या फिल्मवरून) केलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनचा आहे. ओळखायची खूण सोपी: मागच्या पानाची अक्षरं पुढे काळ्या ठिपक्यांसारखी उमटलेली दिसतात आणि चित्रात राखाडी छटा अजिबात नसते. कागदाचा पिवळेपणा दिसणाऱ्या रंगीत स्कॅनमध्ये हे होत नाही.

आता जे आवडलं ते. ज्या खंडांत चित्रांवर भिस्त नाही ते उत्तम निघाले, आणि सुरुवातीला मी त्यांना दुय्यम धरत होतो तेच आता जास्त हातात असतात. जेम्स जेनवेचं 'अ टोकन फॉर चिल्ड्रन' (१६७१-७२) हे तेरा मुलांच्या धर्मनिष्ठ आयुष्याचं आणि आनंदाने स्वीकारलेल्या मृत्यूचं वर्णन आहे. आजच्या वाचकाला ते अंगावर येतं. पण हे मूल लहान म्हणून सुटत नाही, त्याचा आत्मा मोठ्या माणसाइतकाच जबाबदार आहे, ही त्या काळच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाच्या पालकांची प्रामाणिक चिंता होती आणि ती सलग वाचल्याशिवाय समजत नाही. सेरा फील्डिंगच्या 'द गव्हर्नेस'मध्ये (१७४९) शाळेतल्या मुली सगळ्यात मोठ्या सफरचंदावरून भांडतात तिथपासून मुलांना एकमेकांच्या सहवासात घडणारी माणसं म्हणून पाहणं सुरू होतं. हे दोन्ही खंड सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या.

मलपृष्ठावर मात्र लिहिलं आहे की १७४४ च्या आधी बालपण ही कल्पनाच नव्हती. हे वाक्य फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएसच्या १९६० च्या मांडणीतून आलं आहे, आणि इतिहासकार लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये जुन्या रोजनिश्या तपासून त्याला चांगलंच आव्हान दिलं. शिवाय ज्या संचात कोमेनियस आणि जेनवे आहेत त्याच संचावर हे छापणं म्हणजे आतली पुस्तकं न वाचणं. बालपण होतंच, बदलली ती मुलाकडून असलेली अपेक्षा. लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरीच्या 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक'मध्ये (१७४४) ही अपेक्षा किती बदलली ते दिसतं. पुस्तक सहा पेन्सला, आणि मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी सोबत घेतली तर आठ पेन्सला. चेंडूची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. दहाही टाचण्या लालवर आल्या तर लोककथेतला राक्षस मारणारा नायक जॅक द जायंट-किलर एक पेनी पाठवणार, सगळ्या काळ्यावर गेल्या तर छडी. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ मध्ये खेळातून शिकवण्याबद्दल लिहिलं होतं. न्यूबेरीने त्याला हिशेबाची वही जोडली आणि ती विकली. नरकाची भीती जाऊन तिथे जमाखर्च आला.

लेखिका ॲना बार्बोल्डबाईंच्या 'लेसन्स फॉर चिल्ड्रन'वर (१७७८-७९) सर्वात जास्त राग आहे. प्रास्ताविकातच त्यांनी चांगला कागद, ठळक मोठी अक्षरं आणि मोकळी जागा मागितली आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा बारीक अक्षरावर टिकत नाही, हे त्यांनी छपाईतून मान्य केलं. या पुनर्मुद्रणात मूळची दोन-दोन पानं एकाखाली एक लावून समास खाऊन टाकला आहे. त्यांची मागणी पहिल्याच पानावर छापली आहे आणि पान उलटलं की ती मोडलेली दिसते.

सचित्र खंडांसाठी घरी छापणं स्वस्त आणि सरस पडतं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या बाल्डविन संग्रहात रंगीत स्कॅन फुकट बघता येतात. ग्रंथालयाच्या नोंदीत पुस्तकाची उंची सेंटिमीटरमध्ये असते, तीच प्रमाण धरा. छापताना 'पानात बसवा' बंद करून १०० टक्के ठेवा, एक पान छापून पट्टीने मोजा. दहा बाय साडेसहा सेंटिमीटरच्या पुस्तकाची पानजोडी तेरा बाय दहा होते. ए-फोर कागदावर अशा चार जोड्या बसतात, पण त्या बसवायला घडी कागदाच्या धाग्याला (त्यातले तंतू ज्या दिशेने असतात तिला) आडवी येते. ए-फोरचा धागा सहसा लांबीच्या दिशेने असतो, आणि एवढ्या छोट्या पुस्तकाची पानं मग ताठ राहतात, पुस्तक मिटत नाही. म्हणून कागदावर दोनच जोड्या घ्या, तेरा सेंटिमीटरची बाजू कागदाच्या रुंदीकडे ठेवून. ९६ पानांना दुतर्फा छपाईत सहाऐवजी बारा कागद लागतात, तेवढा खर्च योग्य आहे. कागद ८० ग्रॅमपेक्षा जाड नको. चार घड्या एकात एक घातल्या की सोळा पानांचा जुजू (एकत्र शिवायचा गठ्ठा) होतो, असे सहा जुजू शिवायचे. कोरी पानं काढू नका, नाहीतर जोड्या इथेही फुटतील.

लंडनचा प्रकाशक रॉबर्ट सेयरची १७६० च्या दशकातली वर-खाली उघडणाऱ्या झडपांची पुस्तकं मात्र साध्या स्कॅनवरून करता येत नाहीत. प्रत्येक झडप बंद, वर उघडलेली आणि खाली उघडलेली असे वेगळे फोटो लागतात. संचात झडपा फक्त बंद अवस्थेत छापल्या आहेत, म्हणजे गोष्टीचा मोठा भाग झाकलेलाच राहिला.

मागणीनुसार छापलेला माल परत घेत नाहीत, हे मागवल्यावर कळतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी आतल्या चित्रपानाचा नमुना मागा, स्कॅन रंगीत आहे का विचारा, आणि मूळ पुस्तकाचं माप कुठे छापलं आहे ते दाखवायला सांगा.