तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि डोंगरातले उपकेंद्र

पाटण तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या वाडीपासून उपकेंद्र तीन किलोमीटर चालत आहे आणि तेथील पाळणा लांबवण्याच्या सेवेचा मी दोन वर्षांपासून लाभ घेत आहे. उपकेंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि तिचा दोष तेथे राबणाऱ्या सिस्टरांकडे जात नाही.

निरोध, माला-एन ही रोजची गोळी, छाया गोळी आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन येथे विनामूल्य मिळते. तांबी बसवण्यासाठी मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे लागते. निरोधची पेटी दाराशेजारी, लसीकरणाच्या बाकासमोर टांगलेली आहे. लसीच्या दिवशी त्या बाकावर अर्धी वाडी बसलेली असते, त्यामुळे पेटी ज्या दिवशी भरली तेवढीच ती पुढच्या महिन्यातही भरलेली दिसते.

सेवेतील सर्वांत चांगला भाग म्हणजे सिस्टरांचे समजावून सांगणे. आमच्याकडील बऱ्याच घरांतील पुरुष मुंबईत माथाडी किंवा तत्सम कामाला असतात आणि गणपतीला, शिमग्याला, गावच्या यात्रेला येतात. माणूस घरी नाही तर रोज गोळी कशाला, म्हणून बायका गोळ्या बंद करतात आणि तो एसटीतून उतरला की पुन्हा सुरू करतात. रोजच्या गोळीचा असा उपयोग होत नाही, हे मला पहिल्याच भेटीत सांगण्यात आले. छाया ही संप्रेरके नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते, हेही कळले. तरी मी अंतरा निवडले, कारण त्याचे पाकीट डब्यात लपवावे लागत नाही आणि सासूबाईंच्या हाती लागत नाही. वजन आणि रक्तदाब पाहून पडद्याआड दंडात इंजेक्शन दिले जाते आणि ती जागा चोळायची नाही, अशी ताकीद मिळते. पाळी अनियमित होईल, कदाचित थांबेल, आणि पुढे मूल हवे झाल्यास शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ७ ते १० महिने लागू शकतात, हे सिस्टरांनी आधीच सांगितले होते. ते ठाऊक नसते, तर पाळी थांबल्यावर मी घाबरून इंजेक्शनच सोडले असते. पडद्याआडचा हा आडोसा नोंदवहीपाशी मात्र संपतो, कारण नाव आणि साधन सर्वांसमोर मोठ्याने विचारून लिहिले जाते.

आता तक्रार. गेल्या जुलैत माझ्या कार्डावरील तारखेला भर पावसात मी आणि माझी जाऊ ओढा ओलांडून गेलो, तर कुपीच शिल्लक नव्हती. वरून पुरवठा आला नव्हता. ठरलेल्या तारखेनंतर ४ आठवड्यांपर्यंत हे इंजेक्शन देता येते, त्यामुळे १९ दिवसांनी आशाताईंचा निरोप आला तेव्हा माझे निभावले. जावेची तारीख आधीच तीन आठवडे उलटून गेली होती, म्हणून तिला एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून कराड गाठावे लागले. फुकट मिळणारे इंजेक्शन तिला असे महाग पडले. पावसात रस्ते बंद होतात आणि त्यानंतर लगेच गणपतीला पुरुष गावी येतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. मग तीन महिने पुरतील एवढ्या कुप्या मे अखेरीस उपकेंद्रात का पोहोचत नाहीत, याचे उत्तर सिस्टरांजवळ नव्हते. निरोध आणि गोळ्या आशाताई घरपोच देतात, पण इंजेक्शनसाठी पायपीट चुकत नाही.

समजावणुकीला मी पाचपैकी पाच गुण देईन आणि पुरवठ्याला दोन. माझी पुढची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे. कुपी आली का, हे आशाताईंना फोनवर विचारूनच या वेळी घराबाहेर पडणार आहे.