टॉवेलच्या पेढीवरून यूएक्स डिझाइनकडे: गूगलचा कोर्स आणि फिग्मा, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कॉमर्सची पदवी, टॅली येतं, कोडिंगचा गंध नाही, वय तिशीपुढचं आणि राहायला सोलापूर. अशा माणसाने यूएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामात, यावं का, त्यासाठी कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा गूगलचा सर्टिफिकेट कोर्स घ्यावा का, असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. माझं उत्तर हो असंच आहे. फक्त सर्टिफिकेटकडे नोकरीची चिठ्ठी म्हणून बघू नका. कोर्स संपून आता बरेच महिने झालेत, मी सोलापुरातच राहून पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओसाठी काम करते आणि फिग्मा, म्हणजे स्क्रीनचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, रोज सकाळी उघडलं जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरल्यावरचं हे मत आहे.

कोर्स २०२१ साली आला. लोकांशी बोलून त्यांची अडचण समजून घेणं, कागदावर कच्चे आराखडे काढणं, मग वायरफ्रेम (स्क्रीनचा साधा सांगाडा), प्रोटोटाइप (दाबून बघता येईल असा नमुना), चाचणी, पुन्हा दुरुस्ती, या क्रमाने तो नेतो. शेवटी पोर्टफोलिओसाठी, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या कामाच्या संग्रहासाठी, तीन प्रकल्प हातात येतात: एक मोबाइल ॲप, एक वेबसाइट आणि एक समाजोपयोगी काम. इंग्रजी सोपं आहे, सबटायटल लावली की अडत नाही. पैसे महिन्याच्या हिशेबाने जातात, म्हणून रेंगाळलात तर महाग पडतो. ऐपत नसेल तर आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. कोर्सची कमजोर बाजू म्हणजे असाइनमेंट तपासणी. तुमचं काम तुमच्यासारखेच शिकणारे तपासतात, ‘छान’ लिहितात आणि पुढे जातात. डिझाइन कुठे फसलंय हे सांगणारं जाणतं माणूस तुम्हाला बाहेर शोधावंच लागतं.

आधी मी चादर-टॉवेलच्या एका घाऊक पेढीवर ऑर्डरी आणि बिलं बघायचे. ती वर्षं वाया गेली असं घरच्यांना वाटायचं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडली. कोर्समध्ये मोबाइल ॲपचा प्रकल्प आला तेव्हा मी टॉवेलची घाऊक ऑर्डर घेणारं ॲप निवडलं. पहिला प्रोटोटाइप तयार करून जुन्या ओळखीच्या एका व्यापारी काकांच्या हातात फोन दिला आणि काही न सांगता नुसती बघत बसले. त्यांनी तीस बाय साठचा टॉवेल बरोबर शोधला. संख्येपाशी आले, अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं, एक, दोन, तीन झालं, आणि फोन खाली ठेवून म्हणाले, “ताई, एकेक कशाला दाबायला लावता? आम्ही डझनात बोलतो की.” दुसरी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला दिसली. दर बघायच्या आधी ते रंगाच्या चौकोनावर दोनदा दाबत होते. माल मिसळ रंगात हवा की एकाच रंगात, हे त्यांना आधी ठरवायचं होतं आणि माझ्या स्क्रीनवर तो प्रश्न सगळ्यात शेवटी होता.

ही अडचण कुठल्याच व्हिडिओत सापडली नसती. पण गप्प बसून बघायचं, मध्ये मदत करायची नाही, ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही, ही शिस्त कोर्सनेच लावली. पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं. माझ्या प्रकल्पात तिसऱ्या माणसापासूनच त्याच तक्रारी पुन्हा यायला लागल्या.

सोलापूर चाचणीसाठी फार चांगलं गाव आहे. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं सापडतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या एका अक्कांनी माझं ॲप उघडलं आणि शोधायच्या चौकटीत काहीच टाइप केलं नाही, थेट माइक शोधला. मराठी त्या छान बोलतात, वाचायला मात्र वेळ लागतो. त्यानंतर मी माइकची खूण कोपऱ्यातून काढून अंगठ्याच्या टप्प्यात आणली.

आता फिग्मा. ब्राउझरमध्ये चालतं, शिकण्यापुरतं मोफत आवृत्तीत भागतं. लाइट गेली, वायफाय बंद पडलं तरी आधी उघडलेल्या फाइलवर काम चालू राहतं आणि नेट आलं की जुळतं, ही सोय उन्हाळ्यात खूप कामाला आली. ऑटो लेआउट (मांडणी आपोआप जुळवणारी सोय) समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण ते एकदा हाताला बसलं की मजकूर वाढला तरी बटण आपोआप रुंदावतं. लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल तर मोठी फाइल अडखळते. ८ जीबी तरी असू द्या.

देवनागरीबद्दल मात्र कोर्समध्ये अवाक्षर नाही, आणि आपल्यासाठी तेच महत्त्वाचं आहे. इंग्रजी टेम्प्लेटमधलं ओळींचं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. ‘दुरुस्ती’ आणि ‘किंमत’ एकाखाली एक लिहून बघा, लगेच कळेल. मी अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करते. फॉन्टमध्ये मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि लहान आकारातही नीट वाचता येतात.

रंगांचंही तसंच. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ एवढा तरी उजळपणाचा फरक हवा, असा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, नियम आहे. नेहमी वापरला जाणारा ९९९९९९ या कोडचा करडा रंग पांढऱ्यावर २.८५ ला १ च भरतो. मंगळवार बाजारात भर दुपारी फोन बाहेर काढून बघितला तर त्या रंगातला दर दिसतच नव्हता. आपल्याकडे दुकानदार फोन उन्हात वापरतो, तेव्हा हा नियम पाळायलाच हवा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. २०२२ नंतर जगभर आयटीत कपात झाली आणि नवख्यांच्या जागा अवघड झाल्या. सोलापुरात यूएक्सच्या जागा फारशा नाहीत, पुणे, मुंबई, बंगळूर किंवा घरून काम हेच मार्ग. माझ्या मुलाखतींत सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही. डझनाचा किस्सा मात्र प्रत्येक ठिकाणी खोदून खोदून विचारला गेला: आधी काय होतं, काय बघितलं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं. म्हणून पोर्टफोलिओत पहिला प्रकल्प तुम्ही जिथे काम केलंय त्या धंद्याचा ठेवा, मग तो मेडिकल असो, शाळेचं ऑफिस असो की विमा एजन्सी. कोर्सच्या ठरावीक विषयांवरचे प्रकल्प मुलाखत घेणाऱ्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. आणि चालू नोकरी पहिलं पैशांचं काम मिळेपर्यंत सोडू नका. मी पेढीवरचं काम अर्धवेळ करून घेतलं होतं, त्यामुळे घरखर्चाची काळजी न करता नीट शिकता आलं.