सोनी अल्फा ९ थ्री: पात्यांचे वाकणे थांबले, पण उलटे फिरणे थांबलेले नाही

हा कॅमेरा दोन दिवस भाड्याने घेतला, तो एका पंख्यामुळे. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात टेबल फॅनची पाती विळ्यासारखी वाकलेली दिसत आणि त्यावर शटर स्पीड वाढवण्याचा, म्हणजे प्रत्येक चित्र कमी वेळात टिपण्याचा, सल्ला बहुतेकांकडून मिळत असे. तो सल्ला चुकीचा आहे. साधा सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) चित्र एका क्षणात न टिपता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जातो. या वाचनाला १/६० सेकंद लागत असेल, तर मिनिटाला १,२०० फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या पंख्याचे एक पाते तेवढ्यात पुढच्या पात्याच्या जागी पोहोचलेले असते. शटर स्पीड वाढवल्याने पात्यांचा धूसरपणा जातो, वाकडेपणा मात्र उलट अधिक रेखीव होतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला हा ग्लोबल शटर असलेला पहिला फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे. त्याचे सगळे पिक्सेल एकाच वेळी प्रकाश घेतात, त्यामुळे १/२००० सेकंदाच्या शटर स्पीडवर पाती सरळ दिसली आणि धावत्या गाडीतून टिपलेले विजेचे खांबही ताठ उभे राहिले. १/५० वर पाती धूसर झाली, पण तो गतीचा स्वाभाविक धूसरपणा आहे आणि व्हिडिओत तो हवाच. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे: शेजारच्या फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की साध्या सेन्सरवर अर्धीच फ्रेम पांढरी पडते, येथे ती पूर्ण उजळते आणि डोळ्यांना खटकत नाही.

याची किंमत मोजावी लागते, आणि ती केवळ अमेरिकेतल्या मूळ ५,९९९ डॉलरची नव्हे. प्रत्येक पिक्सेलमध्ये टिपलेला प्रकाश क्षणभर साठवण्याची सोय करावी लागत असल्याने मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २५० इतका चढा आहे, शिवाय २४.६ मेगापिक्सेलमध्ये ८के व्हिडिओ बसत नाही. ४के मात्र सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत, कडा न कापता मिळतो. मुलाखती आणि भाषणेच चित्रित करणाऱ्यांनी एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

चाके उलटी फिरताना दिसली म्हणून मात्र कोणी कॅमेरा परत करू नये. सेकंदाला २५ फ्रेम घेताना मिनिटाला ५०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा येथेही स्थिरच दिसतो, कारण दोन फ्रेमच्या मधल्या वेळात प्रत्येक पाते नेमके पुढच्या पात्याच्या जागी येते; पंखा किंचित हळू फिरला तर तो उलटा फिरताना दिसतो. हा खेळ शटरचा नाही, फ्रेम रेटचा म्हणजे सेकंदाला किती फ्रेम घेतल्या याचा आहे.