चोर दुसऱ्यांदा आला तो पोलीस होऊन

पहिल्या वेळी आमचे 86,000 रुपये गेले. फेब्रुवारी 2025 मधली गोष्ट. 'आज रात्री वीज कापली जाईल' असा व्हॉट्सॲपवर निरोप आला, सोबत एक फाईल होती, ह्यांनी ती उघडली आणि पाऊण तासात तीनदा पैसे वळते झाले. ओटीपी आम्ही कुणालाच सांगितला नव्हता. त्या फाईलीनंच मोबाईलवर आलेले मेसेज परस्पर पुढे पाठवले. असले प्रकार आता सगळ्यांना माहीत आहेत. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या महिन्याबद्दल.

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. रात्री नऊला पैसे गेल्याचं कळलं, पण शेजारी कुणाला कळू नये म्हणून दोघंही गप्प बसून राहिलो आणि सकाळी बँक उघडायची वाट पाहिली. बँकेतल्या मुलीनं पहिलाच प्रश्न केला, "काकू, 1930 वर फोन केलात का?" केला नव्हता. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो. चोरीचे पैसे काही मिनिटांत भाड्यानं घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात आणि शेवटी कुणीतरी एटीएममधून काढतो. ते खात्यात आहेत तोवरच होल्ड लागतो, म्हणजे बँकेला ते रोखून धरता येतात. आमचे फक्त 31,200 अडकले. त्या रात्री लाज वाटली नसती तर कदाचित जास्त वाचले असते, ही टोचणी अजून जात नाही.

सायबर पोर्टलवर तक्रार भरली, पावती क्रमांक मिळाला. मला वाटलं, हीच एफआयआर. ती नव्हे. त्यासाठी थान्यात जावं लागलं, तेही तीनदा, आणि दरवेळी नव्या माणसासमोर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एकानं विचारलं, "पढ़े-लिखे होकर भी?" ह्यांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस! पैसे गेल्याच्या संतापात ह्यांनी तो निरोप आणि फाईल आधीच पुसून टाकली होती आणि विवेचकांना, म्हणजे तपास अधिकाऱ्यांना, नेमकं तेच हवं होतं. कृपा करून काहीही पुसू नका.

पुढे तीन आठवडे कुणाचाच फोन नाही. कंटाळून मी फेसबुकवर मदत मागितली, पावती क्रमांकासकट. दोन दिवसांत व्हिडिओ कॉल आला. वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. त्याला क्रमांक माहीत, रक्कम माहीत. "माताजी, आपका पैसा मिल गया है." सोडवायला कोर्ट फी 9,500, म्हणाला. मी भरली.

27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं होतं की कुठलीही तपास यंत्रणा फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाही. मी ते ऐकलंही होतं. पण ते धमकावणाऱ्यांबद्दल होतं. हा तर माझी विचारपूस करत होता, आणि त्या तीन आठवड्यांत तेवढी विचारपूस दुसऱ्या कुणीच केली नव्हती. मी फसले ती तिथे.

मग भाचा मला खऱ्या विवेचकांकडे घेऊन गेला. त्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्यांदाच कुणी नीट समजावून सांगितलं. एफआयआरची प्रत फरियादीला फुकट मिळते, तिथेच मागायची. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फरियादीला कळवणं फौजदारी कारवाईच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 193 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. थान्यात एफआयआर घेतलीच नाही तर कलम 173 खाली वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि होल्डवरचे पैसे सोडवण्यासाठी पोलीस कुणाच्या खात्यात फी भरून घेत नाहीत. आमच्या प्रकरणात न्यायालयात अर्ज करावा लागला, आदेश झाला आणि मग बँकेनं 31,200 परत आमच्या खात्यात टाकले.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तो वर्दीवाला दोन वाक्यांत उघडा पडला असता.

9,500 ची वेगळी तक्रार दिली आहे. या वेळी कॉलचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा यूटीआर (बँकेनं दिलेला ओळख) क्रमांक आणि वेळ, सगळं कागदावर उतरवून नेलं. ह्यांना मात्र अजून अनोळखी फोन घ्यायला भीती वाटते. घंटी वाजली की मोबाईल माझ्या हातात देतात.