चौकोनांचे छायाचित्र आणि कोकणातला पावसाळा : दहा महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत फ्रेम करून आणलेले छायाचित्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भिंतीवरून उतरवावे लागले आणि त्यानंतर फ्रेमवाल्याशी जे काही झाले, ते आठवले की अजूनही डोके तापते. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. चित्राचे माप, कागदाची जात, आवृत्तीतील प्रती ही माहिती विक्रीच्या पत्रकात मिळते, ती येथे पुन्हा देत नाही. मी रत्नागिरीत भाट्याच्या खाडीपलीकडे राहतो. घर चिऱ्याचे आहे, त्यातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि चित्र माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीवर लावले होते. प्रतीचे १८ हजार आणि फ्रेमचे ४ हजार ६०० रुपये मोजले. एवढ्यात न्हाणीघराची फरशी झाली असती, हे घरातून अजूनही ऐकवले जाते.

छायाचित्रात ते काढणारी तरुण छायाचित्रकर्ती स्वतःच काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या पडद्यापुढे बाजूने उभी आहे. पाय अनवाणी, अंगात सुती कुर्ता, गळ्यात कचेरीचे ओळखपत्र आणि हातात उभी धरलेली लाकडी मोजपट्टी. सगळे तपकिरी छटेत. या चौकोनांचे मूळ १८६९ सालात आहे. जॉन लॅम्प्रे याने त्या वर्षी लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीच्या, म्हणजे मानववंशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या, नियतकालिकात ७ फूट उंच आणि ३ फूट रुंद अशी लाकडी चौकट सुचवली. तिच्यावर रेशमी दोरे ताणून २ इंचांचे चौकोन पाडायचे, पुढे माणसाला उघडे उभे करून छायाचित्र घ्यायचे आणि निरनिराळ्या देशांतील माणसांची शरीरे कागदावरच एकमेकांशी ताडून पाहायची, अशी ती कल्पना होती. मॉरिस व्हिडाल पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात अंदमानातील लोकांना अशाच चौकोनी पडद्यापुढे उभे करून त्यांची छायाचित्रे काढली. पुढे भारतीय कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत स्वतः तशा पडद्यापुढे उभे राहून हा सारा व्यवहार उलटा फिरवला. त्यामुळे प्रदर्शनात हे चित्र पाहिले तेव्हा खरे तर मनात आले, की ही चांगली केलेली उजळणी आहे, नवे काही नाही. तरीही घेतले, कारण चौकोन आणि ओळखपत्र यांच्यातली ती शेजार-संगत डोक्यातून जाईना.

आता मूळ तक्रार. मृगाचा पाऊस लागल्यावर दोन आठवड्यांत कागदाला लाटा आल्या. साधे समुद्राचे किंवा चेहऱ्याचे छायाचित्र असते, तर कदाचित त्या लक्षातही आल्या नसत्या. येथे मात्र संपूर्ण चित्र सरळ रेषांवर उभे आहे, त्यामुळे कागद सुताएवढा फुगला तरी चौकोनांची ओळच्या ओळ वाकडी दिसते. सकाळी चहा घेताना मी ओळी मोजू लागलो. डावीकडून पाचवी ओळ कंबरेपाशी बाहेर आली आहे, सातवी खांद्यापाशी आत गेली आहे, अशी टिपणे मी खरोखर वहीत करून ठेवली आहेत. माणसांची मापे घेणाऱ्यांवर टीका करणारे चित्र मी मोजत बसलो होतो, हा विनोद सौ. ने पहिल्याच आठवड्यात केला, तेव्हा तो मला आवडला नव्हता.

फ्रेमवाल्याला दूरध्वनी केला. “अहो, इथली हवाच अशी, त्याला आम्ही काय करणार?” एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी प्रत्यक्ष गेलो, तर “काच काढलीत तर जबाबदारी आमची नाही,” असे त्याने सांगितले. दरम्यान खालच्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका दिसू लागला, म्हणून श्रावणातल्या एका उघडीपीच्या दिवशी फ्रेम मीच उघडली. कागदाच्या चारही कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पुठ्ठ्याला घट्ट धरलेल्या होत्या. सुती कागद हवेतला ओलावा पिऊन पसरतो. चारही बाजूंनी जखडला की त्याला पसरायला जागा उरत नाही आणि तो मध्येच फुगतो. म्हणजे यात हवेचा दोष निम्मा होता.

पण खरा धक्का वेगळा होता. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, पट्टीने चित्राच्या वरच्या कडेची जवळजवळ बोटभर रुंदी झाकून टाकली होती. पट्टी बाजूला केल्यावर दिसले, की चौकोनांचा तो दिमाखदार पडदा म्हणजे एक साधी चादर आहे, नायलॉनच्या दोरीवर कपडे वाळत घालण्याच्या तीन चिमट्यांनी टांगलेली. एका चिमट्याची स्प्रिंग गंजलेली आहे आणि दोरीचे टोक चित्राबाहेर कुठेतरी खिडकीच्या गजाला गेले असावे, असा तिचा कल आहे. लॅम्प्रेची ती शास्त्रीय चौकट दोरीवरच्या धुण्याच्या पातळीवर आणून ठेवणे हाच या चित्राचा प्राण होता आणि पाच महिने मी तो पुठ्ठ्याखाली झाकून, ‘उजळणी’ म्हणून नाके मुरडत होतो. “कडेला चिमटे दिसत होते, बरे दिसत नव्हते, म्हणून झाकले,” असे फ्रेमवाल्याने नंतर सांगितले. विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. काच आणि पुठ्ठा म्हणजे नुसते वेष्टन नव्हे, हे त्याला पटवताना मी अमेरिकन कलावंत कॅरी मे वीम्स यांचे उदाहरण दिले. हार्वर्डचा शास्त्रज्ञ लुई अगासी याच्यासाठी १८५० मध्ये काढलेल्या गुलाम स्त्री-पुरुषांच्या प्रतिमा त्यांनी १९९५-९६ मध्ये मोठ्या करून लाल छटेत छापल्या आणि वरच्या काचेवरच शब्द कोरले. तेथे काच काढली तर कलाकृतीच उरत नाही. तो ऐकत होता की गिऱ्हाईक कधी जाते याची वाट पाहत होता, हे सांगता येणार नाही.

गणपतीपूर्वी पुन्हा बसवून घेतले, या खेपेस ओळखीच्या सुताराकडून. कागद आता फक्त वरच्या कडेला गव्हाच्या खळीने लावलेल्या दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांवर लोंबतो, चारही कडा दिसतात, काच आणि कागद यांच्यामध्ये लाकडी पट्टीचे अंतर आहे आणि फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावल्यामुळे भिंत व पाठ यांच्यातून वारा खेळतो. जागाही बदलली, चिऱ्याची पश्चिम भिंत पावसाळाभर पाणी धरून ठेवते, म्हणून चित्र आतल्या लाकडी पार्टिशनवर आणले. १ हजार १०० रुपयांत काम झाले. ४ हजार ६०० कशाचे दिले होते, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

गणपतीत दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकू चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “हिचं माप कशाला घेतायत?” त्यांनी विचारले. मी पोर्टमन, अंदमान वगैरे थोडक्यात सांगितले. “एवढी मापं घेतली, मग शिवून काय दिलं तिला?” असे म्हणून त्या मोदकांकडे वळल्या. याहून नेमके परीक्षण मला कोणत्याही पत्रकात सापडलेले नाही.

ब्रह्मदेशचा राजा थिबा याचा येथील राजवाडा पाहून परतलेले पाहुणे या चित्रासमोर थांबतात, तेव्हा मी त्यांना विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकारी-छायाचित्रकाराबद्दल सांगतो. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या भारतातील जाती-जमातींच्या छायाचित्रसंग्रहासाठी याने छायाचित्रे पुरवली, मद्रासच्या १८७६-७८ च्या दुष्काळातील हाडांचे सापळे झालेली माणसे रांगेत बसवून टिपली आणि थिबाचे राज्य बुडाल्यावर मंडालेत प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख, असताना, छायाचित्राची वेळ साधावी म्हणून मृत्युदंडाच्या कैद्यांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम लांबवल्याबद्दल त्याची चौकशी झाली. थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. कॅमेऱ्याचा तो इतिहास आमच्या गावापासून दूरचा नाही, हे मला तरी या चित्रामुळे प्रथम जाणवले.

एक दुरुस्ती करणे भाग आहे. कागद सपाट झाल्यावरही सातव्या ओळीतील बाक गेला नाही. सुताराला दोन वेळा बोलावले, तिसऱ्या वेळी त्याने चित्राजवळ नाक नेऊन पाहिले आणि म्हणाला, “साहेब, चादरच ढिली आहे.” खरोखर, गंजलेल्या चिमट्याखाली चादरीला झोळ आला आहे आणि त्यामुळे चौकोन वाकले आहेत. छायाचित्रकर्तीला विचारले तेव्हा तिने सांगितले, की तो झोळ तिने मुद्दाम तसाच ठेवला. वहीतील त्या नोंदीवर मी रेघ मारली. फ्रेमवाल्याला त्या बाकाबद्दल जे बोललो ते मात्र परत घेतलेले नाही, कारण टेप आणि पट्टी यांचा हिशेब अजून बाकी आहे. त्याने ६०० रुपये परत केले; मी २ हजार मागितले आहेत.

चित्राला पाचपैकी साडेचार, फ्रेमला अर्धा. घ्यायचे असल्यास प्रत नळीत गुंडाळून मागवावी आणि फ्रेम करणाऱ्याला वरची कड आधी दाखवावी. टेपचा पिवळट डाग उजव्या कडेच्या तीन चौकोनांवर कायमचा राहिला आहे. पांढऱ्या चौकोनांवर तो दिसतो, काळ्यावर दिसत नाही.