हायब्रिड कार्यक्रमांसाठी ओबीएस स्टुडिओ: चित्र चोख, आवाजाची जबाबदारी तुमची

महासाथीनंतर सभागृहं पुन्हा भरली, पण घरून पाहणारेही टिकून राहिले. दोघांना एकदम सांभाळायला ओबीएस स्टुडिओ हे थेट प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंगचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरतं. महागड्या स्विचरची (एका चित्रावरून दुसऱ्यावर जाण्याच्या यंत्राची) घाई नको.

वक्ता, स्लाइड आणि दोन्ही एकत्र असे तीन सीन (पडद्यावरच्या मांडण्या) आधीच बांधून प्रत्येकाला हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरची शॉर्टकट कळ, द्या. ओबीएसच्या व्हर्च्युअल कॅमेऱ्याने (झूमला साध्या वेबकॅमसारखा दिसणारा आभासी कॅमेरा) हे चित्र थेट झूममध्ये जातं. आवाज मात्र त्यातून जात नाही, तो वेगळा द्यावा लागतो. नवखे हमखास इथेच अडकतात.

सभागृहाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेतला की घुमतो. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (वेगळं मिश्रण बाहेर देणारी जोडणी) ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाच्या, लाइन इनपुटला द्या. माइक इनपुटला जोडलात तर फाटेल. त्या ऑक्सवर झूमकडून येणारा आवाज पूर्ण बंद हवा. नाहीतर दूरच्या प्रश्नकर्त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि बिचारा मध्येच थांबतो. प्रक्षेपणात आवाज ओठांच्या आधी येत असेल, तर ओबीएसमधला सिंक ऑफसेट (आवाज उशिरा सोडण्याची सेटिंग) थोडा थोडा, मिलिसेकंदांत वाढवत जा.

१०८०पी, सेकंदाला ३० फ्रेमसाठी ४,५०० केबीपीएसच्या आसपास बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ठेवा. अपलोडचा वेग निदान दुप्पट, तोही वाय-फायवर नव्हे, केबलवर. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात करा. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही.

नोंदणी, मतदान, प्रश्नोत्तरं यांपैकी ओबीएसमध्ये काहीच नाही. ते दुसऱ्या मंचावर करा, आणि ऑनलाइन प्रश्न सभागृहात वाचून दाखवायला एक माणूस खास बसवा.