हॉस्पिटलसमोर 'फाइल करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

दाजींना हार्ट अ‍ॅटॅक आला, कराडहून पुण्याला हलवलं. डॉक्टर म्हणाले, बायपास. ताईने रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सगळं पिशवीतून आणलं होतं. त्याच्या झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात गेलो, तिथेच एक जण भेटला. असले लोक तिथेच असतात. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेसाठी धडपडणारं प्रत्येक घर आधी झेरॉक्सलाच येतं, आणि काउंटरवरच्या कागदांवरून पेशंटचं नाव-गाव आपोआप कळतं.

गळ्यात ओळखपत्र, बगलेत फायली. "मुख्यमंत्री सहायता निधीतून दोन लाख करून देतो. मंत्रालयात आपला माणूस आहे." फाइल चार्ज आठ हजार. पैसे एका बाईच्या नावावर यूपीआयने घेतले. पावतीही दिली, वर अशोकस्तंभ, खाली 'रुग्ण सेवा कक्ष' असा जांभळा गोल शिक्का. पावती नंबर मात्र बॉलपेनने लिहिलेला.

आठ हजारांपेक्षा त्याची अट महागात पडली. "योजनेच्या काउंटरवर जाऊ नका, दोन अर्ज झाले की फाइल बाद होते." त्या भरवशावर आयसीयूचं बिल रोखीने भरत राहिलो. मग त्याचा फोन बंद.

शेवटी ताईच तडक आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात योजनेच्या काउंटरवर बसणाऱ्या मदतनिसाकडे गेली. तो आत, तळमजल्यावरच बसतो! बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार कॅशलेस. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यायची असते आणि आपण आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ऑपरेशन योजनेतून झालं, आधीचे पैसे गेले ते गेलेच. लोकांना योजनेच्या काउंटरपासून लांब ठेवण्यावरच त्या फाइलवाल्याचा धंदा चालतो.

सहायता निधीच्या अर्जाला एक रुपयाही लागत नाही. मदत मंजूर झाली तर रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते, त्यामुळे मधल्या माणसाचं तिथे कामच नाही. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन गटात मोफत उपचार, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. दोन्ही गटांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. खाट शिल्लक नाही असं तोंडी सांगितलं, तर लेखी मागा. लेखी मागितलं की सूर बदलतो, हा माझा अनुभव.

जन आरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. आम्ही उशिरा केला. चौकीतही पावती आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.